मेळाव्यासाठी उसनी घेतलेली हाक

सभांना मी आयुष्यात पुष्कळ बसले. शिक्षकाला ते चुकत नाही. कंटाळा आला, भूक लागली, एकदा तर शेजारच्या गुरुजींच्या खांद्यावर झोपही लागली. पण जिथून अर्ध्यात उठून पळावं लागलं अशी सभा एकच. ती रोह्याला झाली आणि तिचा विषय होता पेण-रोहा परिसराचा पुढच्या वीस वर्षांतला आर्थिक विकास.

तेव्हा मी पेणच्या पश्चिमेला, खाडीकाठच्या एका गावात प्राथमिक शाळेवर होते. मोबाइल यायच्या बऱ्याच आधीचे दिवस. गावात टेलिफोनही नव्हता. वर्ग दोन, शिक्षक दोन, त्यातले मुख्याध्यापक कायम कसल्यातरी मीटिंगला. म्हणून मेळाव्याचं परिपत्रक आलं ते माझ्याच हातात. त्यात ‘सामायिक स्वप्न’ आणि ‘समान उद्दिष्टे’ हे शब्द प्रत्येक परिच्छेदात एकदा तरी हजेरी लावून जात. शेतकरी, मिठागरवाले, मूर्तिकार, कारखानदार असे सगळे एकत्र बसून या भागाचं भविष्य ठरवणार होते. शेवटच्या ओळीत मुद्द्याची गोष्ट होती: प्रत्येक गावातून किमान चाळीस ग्रामस्थ आणण्याची जबाबदारी शाळेची.

आमच्या गावात उंबरे एकूण बेचाळीस. ग्रामसभेला सरपंच येत, त्यांचे भाऊ येत, आणि सावली बघून एक कुत्रं येई. तेव्हा चाळीस माणसं रोह्याला न्यायची म्हणजे खाडी उचलून न्यायची. पण मी पुस्तकं वाचणारी बाई होते. लोकसहभाग हा शब्द मी वाचलेला होता, आणि लोक कशाला सहभागी होतात हे मला त्या गावात दिसलंही होतं.

गावाची भातशेती खाडीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. खाडी आणि भात यांच्यामध्ये फक्त मातीचा एक बांध. त्याला एका जागी लाकडी झडपेचं तोंड आहे, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला शेतातलं जादा पाणी तिथून बाहेर जातं, भरतीला झडप मिटते. बांध राखणाऱ्या घरांची जी जूट असते तिला जोळ म्हणतात. बांधाला काही झालं की एक म्हातारा गल्लीच्या तोंडाशी उभा राहून हाक देई, आणि घरटी एक माणूस, तोही घरातला धडधाकट, फावडं-घमेलं घेऊन बाहेर पडे. का, कुठे, किती वेळ, असं कोणी विचारत नसे. जे घर माणूस पाठवत नसे त्याच्याशी कोणी भांडतही नसे. फक्त त्या घरच्या लग्नात मांडव घालायला कोणी जात नसे.

घरटी एक म्हणजे बेचाळीस. परिपत्रकाला हवे होते चाळीस. मला वाटलं, आपण काहीतरी थोर शोधून काढलंय.

मी म्हाताऱ्याकडे गेले. सगळं गाव त्यांना बाबा म्हणे. ते ओट्यावर जाळ्याची शिवण उसवत बसले होते.

“बाबा, मेळाव्यासाठी हाक द्याल का?”

“हाक बांधासाठी असते, बाई.”

“हेही बांधासारखंच आहे. वीस वर्षांनी गाव कसं असावं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं.”

“वीस वर्सांनी मी नसनार. मग मी कशाला ठरवू?” ते हसले. मग म्हणाले, “दिवस कोनचा?”

मी सांगितला. त्यांनी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला. तारीख त्यांना काही सांगत नसे, ते तिथी मोजत होते. “पितरांतली नवमी. भांग हाय तवा. पानी अर्ध्यावर पन येनार नाय. जाव दे पोरांना, रोहा बघून येतील.”

भांग म्हणजे लहान भरतीचे दिवस. हे मला ठाऊक होतं. पण त्यांनी होकार द्यायच्या आधी ते मोजलं, या गोष्टीकडे माझं लक्ष गेलं नाही. लक्ष गेलं ते होकाराकडे. त्याच संध्याकाळी त्यांनी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून मेळाव्याची हाक दिली.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी निरोप आला की कार्यक्रम आठ दिवस पुढे ढकलला आहे. प्रमुख पाहुण्यांच्या घरच्यांचं म्हणणं पडलं की पितृपक्षात भविष्याचं उद्घाटन नको. विज्ञाननिष्ठ औद्योगिक प्रगतीचा मेळावा त्यामुळे नवरात्रात गेला. मला हसू आलं. मुख्याध्यापकांना मी ते रंगवून सांगितलंही. मग नवी तारीख सांगायला बाबांकडे गेले, तर ते लेकीकडे जोह्याला गेलेले.

मग मीच घरोघर फिरले. “बाबांनी हाक दिली होती ना, ती आता पुढच्या आठवड्यात. तोच मेळावा. घरटी एक.” लोकांनी मान डोलावली. हाक होती म्हणजे बाबांनी पाणी बघितलं असणार. मी सांगत होते म्हणजे बाबांनीच सांगितलं असणार. एकाही घराने बोटांवर काही मोजलं नाही, कारण ते काम बाबांचं होतं आणि ते काम झालं आहे असं मी माझ्या तोंडाने सांगत होते.

मी राहत होते त्या घरची बाई विधवा होती. तिची दोन खाचरं उघाडीला अगदी लागून. तिच्या घरचा धडधाकट म्हणजे तिचा दीर, तोही मेळाव्याला निघाला. सकाळी तिने मला डब्यात भाकरी दिली आणि म्हणाली, “तितं जेवन देनार म्हन्तात, पन तू ही ने गो. मोठ्या लोकांचं जेवन कवा येतं काय भरोसा?”

धाटावच्या एका कारखान्याने शिफ्टच्या दोन बस पाठवल्या होत्या. कधी नव्हे ते बेचाळीसच्या बेचाळीस घरांतून एकेक माणूस त्यांत बसला. बाकीचे पुरुष कामावर गेलेले. बस आम्हाला रोह्याच्या सभागृहापाशी उतरवून लगेच शिफ्टला परत गेल्या. तीननंतर पुन्हा येणार होत्या. दारात प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला लावला, ‘विकासदूत’. आमच्या दूतांनी तो वाचला, एकमेकांचा तपासला आणि खिशात काढून ठेवायला सुरुवात केली, तेव्हा मला जरा रागावावं लागलं.

प्रमुख पाहुणे आले नव्हते. तोपर्यंत पुण्याहून आलेले एक तज्ज्ञ आमचा ताबा घेऊन होते. त्यांनी भिंतीवर मोठे कागद चिकटवले, रंगीत पेनं वाटली, आणि मग सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं.

“आता वीस वर्षांनंतरचं तुमचं गाव पाहा. काय दिसतंय?”

आमच्या लोकांनी आज्ञाधारकपणे डोळे मिटले. माझ्या डाव्या हाताला बसलेल्या माणसाने ते थोड्या वेळाने उघडले. तो मधल्या आळीतला, चाळिशीचा, जोळातला जाणता गडी.

“बाई, आज तिथ कोन हो?”

“दुसरी माळ. द्वितीया.”

“दुतिया,” तो म्हणाला. मग एकदम ताठ बसला. “अवस होऊन दोन दिस. म्हन्जे आज मोठं पानी. उधान.”

अमावास्या-पौर्णिमेला आमच्याकडे बाराची भरती. पुढे रोज पाऊण तास पुढे जाते, आणि सगळ्यात मोठं पाणी अमावास्येला नव्हे, त्यानंतर एक-दोन दिवसांनी चढतं. हे मला माहीत होतं, जसं पानिपतचं वर्ष माहीत असतं.

“उघाडीवर कोन बसलाय?” त्याने मागच्या रांगेत हळूच विचारलं.

उधाणाच्या दिवसांत उघाडीपाशी दोन माणसं बसवायची पद्धत होती. झडपेच्या बगलेला खेकडे बिळं करतात. श्रावणात तिथे पाणी झिरपलं होतं, ते चिखल-पेंढा ठासून बुजवलं होतं. पाणी पुन्हा झिरपायला लागलं तर दोन माणसं अर्ध्या तासात ते दाबू शकतात. अर्धा तास उशीर झाला तर खांड पडते, म्हणजे बांधाला भगदाड. मग वीस माणसं लागतात.

“आज बसायची पाली कोनाची हाय?” पुन्हा प्रश्न आला.

मागून उत्तर आलं, “माजी. नि याची.” दोघे शेजारी शेजारी बसले होते. दोघांच्या छातीवर बिल्ला होता.

सभागृहातलं घड्याळ अकरा वाजून दहा मिनिटं दाखवत होतं. भात तेव्हा लोंब्यांत होतं, दाणा दुधात. खारं पाणी शिरलं तर हे पीक गेलंच, शिवाय मातीतलं मीठ धुऊन निघायला तीन पावसाळे जातात. बेचाळीस घरं. मी स्वतः दारोदार जाऊन ती रिकामी केली होती. मला उठून उभं राहायचं होतं, पण मी बसूनच राहिले. आणि हे सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला बांधाइतकीच मुख्याध्यापकांचीही भीती वाटत होती.

तेवढ्यात तज्ज्ञ माइक घेऊन आमच्या रांगेशी आले. “हं, या गावाने काय स्वप्न पाहिलं? एका वाक्यात. गावाचं ध्येय.”

जाणता उठला. “एकच्या आत घरी जायाचं.”

सभागृह हसलं. तज्ज्ञही प्रसन्नपणे हसले. “अगदी बरोबर! म्हणजे वाहतूक. दळणवळण!” त्यांनी भिंतीवरच्या कागदावर हिरव्या पेनाने ‘दळणवळण’ लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. कागदावर आधीच ‘पर्यटन’ आणि ‘कौशल्यविकास’ येऊन बसले होते.

“सायब, खरंच जायाचं हाय,” जाणता म्हणाला.

“जायचंच आहे. सगळ्यांनी मिळून जायचंय,” तज्ज्ञ म्हणाले आणि पुढच्या गावाकडे वळले.

मग आमची माणसं उठली. कोणी खूण केली नाही. बेचाळीस माणसं एका पाठोपाठ एक खुर्च्यांमधून बाहेर निघाली आणि मी त्यांच्या मागे. नेमके त्याच वेळी प्रमुख पाहुणे दारातून आत येत होते. तुताऱ्या वाजायला लागल्या होत्या. पाहुण्यांनी हात जोडले, त्यांना वाटलं असावं की गाव स्वागताला आलं आहे. गाव त्यांच्या दोन्ही बाजूंनी वाहून बाहेर गेलं. बाहेर एका हवालदाराने मला अडवलं.

“बाई, बहिष्कार हाय का? कुठल्या पार्टीचा?”

“बांधाचा,” मी म्हटलं.

बस नव्हत्या. कार्यालयात फोन होता, पण तो करायचा कुणाला? रस्त्याला धाटावकडून एक ट्रक येत होता, रिकामी पिंपं घेऊन पेणकडे निघालेला. आमचे दहाजण त्याच्यासमोर आडवे उभे राहिले. ड्रायव्हर आधी शिव्या देत उतरला. जाणत्याने त्याला दोन वाक्यांत सांगितलं. ड्रायव्हर अलिबागकडचा निघाला, खाडीकाठचाच. “चढा,” तो म्हणाला. “पिंपांना तोंड लावू नका, वास वाईट हाय.”

मला पुढे बसा म्हणत होते. मी मागे चढले. पुढे बसायची मला हिंमत नव्हती.

पिंपं एकमेकांवर आदळत होती. त्यातून येणाऱ्या वासाने डोळे चुरचुरत होते. एकाने तरी मला शिवी हासडली असती तर बरं वाटलं असतं. ते आपसात खेकड्यांबद्दल बोलत होते, श्रावणात किती पेंढे घातले होते त्याबद्दल, वारा कुठला आहे त्याबद्दल. माझ्या घरमालकिणीचा दीर तेवढा माझ्याकडे बघून म्हणाला, “बाई, डोले मिटून वीस वर्सांचं बघितलं. दीड वाजताचं नाय दिसलं कुनाला.”

दोघे-तिघे हसले. हसणं लगेच थांबलं.

निडीजवळ रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी यायची होती. ती येत नव्हती. मी घड्याळाकडे पाहिलं, मग पाहायचं नाही असं ठरवलं, मग पुन्हा पाहिलं. माणसं ट्रकमध्ये उभी राहून खाडीच्या दिशेला बघत होती, जसं काही तिथून दिसणार होतं. शेवटी गाडी आली. इतके डबे मी कधी पाहिले नव्हते. ते मी मोजले, कारण दुसरं काही करता येत नव्हतं, आणि मध्येच आकडा चुकला तेव्हा मला रडू आलं. मी पदर तोंडाला लावून पिंपांकडे तोंड फिरवलं.

नागोठणं गेलं, पेण गेलं. खाडीकडच्या रस्त्याला लागलो तेव्हा एक वाजून गेला होता. डांबर संपलं तिथे ट्रक थांबला आणि माणसं पळत सुटली. मीही पळत होते, चपला हातात घेऊन. खाडी बांधाच्या काठाला लागली होती. एरवी बांध उंच वाटे. आज तो पाण्यावर ओढलेल्या रेघेसारखा दिसत होता.

उघाडीच्या बगलेला खांड पडली होती. तीन-चार हात रुंद. आणि त्या खांडीत गावच्या बायका उभ्या होत्या.

बाबा त्या सकाळच्या एसटीने जोह्याहून परतले होते. मेळावा कधीच होऊन गेला असं ते धरून चाललेले. गल्लीत एकही गडी दिसेना, तेव्हा त्यांना वाटलं की उधाण आहे, सगळे बांधावर गेले असतील. ते बांधावर गेले तर तिथेही कोणी नाही, आणि खेकड्यांच्या बिळांतून पाणी आत वाहतंय. त्यांनी तिथूनच हाक दिली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची हाक ऐकून दारांतून फक्त बायका बाहेर आल्या. बायकांनी पेंढे आणले, गोणपाटं आणली, शाळेतल्या बसायच्या पट्ट्या आणल्या. पाणी ते सगळं घेऊन आत गेलं. मग त्यांनी शाळेचं दार बिजागऱ्यांतून उपसून आणलं. ते दार आडवं लावून, त्याला पाठी टेकून, कमरेएवढ्या पाण्यात त्या सातजणी उभ्या होत्या. मधोमध माझी घरमालकीण.

पुरुष पाण्यात उतरले. बाबा वरून सांगत होते, कुठे चिखल टाकायचा, कुठे दाबायचं. दीडनंतर केव्हातरी पाणी थबकलं. मग बोटभर उतरलं. बायका वर आल्या. माझ्या घरमालकिणीचे ओठ निळे पडले होते आणि खांद्याला दाराची कड लागून सोललं होतं. मी तिला माझा पदर द्यायला गेले.

“ऱ्हाव दे गो,” ती म्हणाली. “तुजा पन घामानं भिजलाय.”

बाबा माझ्याजवळ आले. सगळे ऐकत होते.

“हाक कोनी दिली?”

“मी. तुमच्या नावाने. तारीख बदलली होती, तुम्ही नव्हता.”

“पानी बगितलं होतंस?”

“तारीख बघितली होती.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. वर्गात बेरीज चुकलेल्या मुलाकडे मी बघते तसं. मग म्हणाले, “पानी रातचं परत येनार. तवर ही भिंत झाली पायजे. लायनीत उभी ऱ्हा.”

खाजणातला, म्हणजे खाडीकडच्या दलदलीतला चिखल हातोहात खांडीपर्यंत जात होता. मी रांगेत उभी राहिले. माझ्या एका बाजूला जाणता, दुसऱ्या बाजूला सोललेल्या खांद्याची घरमालकीण. गोळा यायचा, द्यायचा. अंधार पडेपर्यंत ते चाललं. कोणी सामायिक काही म्हटलं नाही. एक गोळा माझ्या हातून सुटून पायावर पडला तर घरमालकीण म्हणाली, “जोरान धर, तान्हं पोर नाय ते.”

रात्रीच्या भरतीला बांध टिकला. सकाळी बाबांनी बांधावरून चालत जाऊन पाहिलं आणि तसं सांगितलं. पाणी शिरलं होतं ते उघाडीलगतच्या खाचरांपुरतं. बाकी गावाचं भात वाचलं. उघाडीलगतची खाचरं माझ्या घरमालकिणीची होती.

मी गेले तेव्हा ती बांधावर उकिडवी बसली होती. खाली लोंब्या उभ्या होत्या, हिरव्या, काल होत्या तशाच. बघून काही झालंय असं वाटलं नसतं. तिने खाचरातली चिमूटभर माती उचलली, जिभेवर ठेवली, थुंकली. मग आणखी एक चिमूट उचलून माझ्यापुढे धरली.

मी ती जिभेवर ठेवली.

“तीन वर्सं,” ती म्हणाली.

मला काहीतरी बोलायचं होतं. माफी मागायची तयारी मी रात्रभर केली होती, आणि ती चांगल्या मराठीत होती. तिने ती मागायला जागाच ठेवली नाही. ती उठली, लुगडं झटकलं आणि खांडीकडे बोट केलं. शाळेच्या दाराची वरची कड चिखलातून दिसत होती.

“तुजं दार आता काडता येनार नाय. काडलं तर बांध परत जाईल.”

“राहू दे,” मी म्हटलं.

दाराशिवाय शाळा दिवाळीपर्यंत चालली. आत बसलं की सरळ बांध दिसे. भरती चढायला लागली की मी फळा सोडून, त्या उघड्या चौकटीकडे तोंड करून शिकवायची.